हळदीच्या हाताचं दार

"घर देतो म्हणायचं आणि त्या घराची ओळखच काढून घ्यायची, याला दान म्हणत नाहीत. याला लूट म्हणतात. मग ती कितीही चांगल्या मनानं केलेली असो."

नाथाजी मास्तर हे कुणाला म्हणाले, ते गाडीतल्या कुणालाच कळलं नाही. त्यांचं तोंड अंधाराकडं होतं.

अठ्ठेचाळीस सालचा मार्गशीर्ष. कवलापूरच्या प्रौढांच्या शाळेवरून बैलगाडी सांगलीकडं निघाली होती. गाडीत मास्तर होते, त्यांच्याबरोबर शिकवायला येणारी कॉलेजची दोन पोरं, भाऊसो आणि जवाहर, आणि पुढं गाडीवान ज्ञानू. गावाबाहेरच्या नव्या पेठेची घरं दूरवर दिसायला लागली तसा ज्ञानूनं कासरा ओढला. तो खाली उतरला, दोन्ही बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडल्या, पोत्यात गुंडाळल्या आणि पेंढ्याखाली सारल्या.

"काय रं ज्ञानू, चोरीचा माल हाय का गाडीत?" भाऊसो म्हणाला.

"जरा हळू बोला," ज्ञानू म्हणाला. एवढंच.

"पुढं परेडची आळी आहे," मास्तर म्हणाले. "गाडी सावकाश चालू दे, ज्ञानू. पोरांना ठाऊक असलेलं बरं. हे कुठं छापून आलेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हता. भुताखेतांवर तर त्याचा तुमच्याइतकासुद्धा विश्वास नव्हता."

मग मास्तर सांगू लागले.

पंचेचाळीस साली, सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी, आदगोंडा नावाचा एक तरुण इंजिनीअर सायकलच्या मुठीला हिरव्या रंगाचा डबा अडकवून सांगलीच्या बाजारातून निघाला. काम किरकोळ होतं. एका दारावर हळदीचे दोन हात उमटवलेले होते, त्यांच्यावरून रंग फिरवायचा होता. रंगाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आज अमावास्या हाय, मी न्हाई त्या दाराला हात लावायचा. आदगोंडा हसला आणि कुंचला घेऊन स्वतःच निघाला.

ते दार त्यानंच काढलेलं होतं, कागदावरही आणि भिंतीवरही.

आदगोंडा हा एका हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बापानं त्याला वखारीत बसवायचं ठरवलं होतं, पण पोरगं हट्टानं विलायतेला गेलं आणि घरं बांधायची विद्या शिकून आलं. तिथं एका जुन्या शहरात तो राहायला होता. जॉर्ज नावाचे राजे एकापाठोपाठ एक गादीवर बसले त्या काळात ती पेठ वसवलेली. म्हणजे आपल्यासारखी आज एक घर, उद्या दुसरं, अशी वाढलेली नव्हे. आधी कागदावर रस्ते, मध्ये चौक, चौकात झाडं, आणि मग रस्त्याच्या कडेनं घरांच्या रांगा. एका भिंतीला दोन घरं टेकलेली. वर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कंगणी, म्हणजे छपराखाली भिंतीबाहेर काढलेला नक्षीचा पट्टा. खालच्या मजल्याच्या खिडक्या उंच, त्याच्यावरच्या आणखी उंच, अगदी वरच्या लहान. प्रत्येक दारावर काचेची अर्धी चकती, सूर्य अर्धा उगवल्यासारखी. लांबून बघितलं तर वाटावं, एकच राजवाडा आहे. जवळ गेलं की कळायचं, त्या राजवाड्यात तीस बिऱ्हाडं राहतात.

आदगोंडा तिथं माळ्यावरच्या खोलीत राहायचा. त्याच्या खाली एक न्यायाधीश होता. पलीकडच्या घरात शिवणकाम करून पोट भरणारी एक विधवा होती. दार मात्र सगळ्यांचं सारखं. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नसे, कुठल्या दाराआड चांदीची ताटं आहेत आणि कुठल्या दाराआड उपास. त्या पोरानं तिथंच ठरवलं की समता म्हणतात ती हीच. गरिबाच्या घराला गरिबाचा चेहरा असायचं काही कारण नाही.

तो परत आला तेव्हा लढाई जोरात होती. आपल्या मुलखातल्या घराघरातनं एक तरी माणूस पलटणीत गेलेला. त्यांच्या बायका दिरांच्या घरात शिळं खाऊन दिवस काढत होत्या. आदगोंडानं सांगलीतल्या बड्या माणसांचे उंबरे झिजवले. भांडला, रुसला, कुणाला लाजवलं, कुणाला चढवलं, आणि त्यांची एक मंडळी जमवून जवानांच्या कुटुंबांसाठी गावाबाहेर दहा घरांची रांग उभी केली. लढाईत सिमेंट मिळत नव्हतं, म्हणून वीट आणि चुना. पण चेहरा तोच. तीच कंगणी, त्याच खिडक्या, दारावर तीच काचेची चकती, दारांना तोच गडद हिरवा रंग.

रांगेच्या मध्यावर, अगदी वर, देवळाच्या शिखरासारखं त्रिकोणी कपाळ बांधलेलं होतं. राजवाड्याला तसं लागतं. अडचण एवढीच की डावीकडं पाच घरं, उजवीकडं पाच घरं, आणि मध्यावर त्या त्रिकोणाखाली कुणाचंच दार येईना. तिथं दोन घरांच्या मधली जाड सामायिक भिंत येत होती. चेहऱ्याला कपाळ आहे आणि नाक नाही, असं ते दिसायला लागलं. यावर विलायतेत एक तोड होती, ती त्यानं काढली. त्यानं मध्यावर एक खोटं दार लावलं. चौकट खरी, फळ्या खऱ्या, कडी खरी, उंबराही खरा. मागं सगळी वीट.

सुतारानं दहा चौकटींची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग मधल्या चौकटीपुढं बसला.

"अरे, ही खोटी आहे," आदगोंडा म्हणाला.

"चौकट बसली न्हवं?" सुतार म्हणाला. "मग पूजा झाली पायजे. न्हाईतर दाराला कसं कळंल, आपून दार हाय म्हणून?"

आदगोंडानं ही गोष्ट गंमत म्हणून चार लोकांना सांगितली.

बायका राहायला आल्या आणि पहिल्याच दिवशी आळीला नाव पडलं. "ही काय घरं हायती व्हय," सुलाबाई म्हणाली. तिचा नवरा लालासाहेब पलटणीत होता. "सायबानं परेड हुबी केलीया. आता शिट्टी मारली की समदी घरं डावीकडं वळत्याली."

दारासमोर तुळस ठेवायची नाही, कट्टा घालायचा नाही, दाराला दुसरा रंग नाही, भिंतीवर चित्र नाही, नाव नाही. आदगोंडाचा नियम कडक होता. एकानं खूण केली की दुसरा मोठी खूण करील, आणि मग समता कुठं राहिली?

मधल्या भिंतीच्या डाव्या अंगाला वडूजकडची राहीबाई राहायची, उजव्या अंगाला सुलाबाई. राहीबाईच्या सासूला, अंबूबाईला, डोळ्यानं कमी दिसायचं. ती शेताकडं जाऊन आली की हमखास दुसऱ्याच घरात शिरायची. एकदा तिनं सुलाबाईच्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढलं, बोट घालून चाखलं आणि म्हणाली, "राहे, मीठ घालायला इसरलीस व्हय गं?"

सुलाबाई म्हणाली, "मामी, मीठ हाय. घर तुमचं न्हाई."

सगळी आळी हसली. आदगोंडाही हसला. राहीबाई हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"सायेब, दाराला हळदीचं हात लावू का?"

"का?"

"आमच्या मान्सानं ह्ये घर बघितल्यालं न्हाई. लढाईवर गेलं तवा आमी गावाकडं व्हतो. रात्री-अपरात्री आलं तर कुटल्या दारात जात्याल? ज्या म्हातारीनं जन्माला घातलं, तिलाच सापडंना झालंय घर."

"विचारेल की कुणालातरी."

"न्हाई विचारायचं. लाजरं मानूस हाय."

आदगोंडानं तिला नियम सांगितला, समता सांगितली. ती ऐकत राहिली आणि तिथून हलली नाही. शेवटी त्याला तिची दया आली. त्यानं खोट्या दाराकडं बोट केलं.

"त्या दाराला लाव. ते कुणाचंच नाही, म्हणून कुणाची तक्रार नाही. त्याच्या डावीकडचं घर तुझं, एवढं कळव म्हणजे झालं."

"पर त्ये उगडत न्हाई."

"उघडायचं कुणाला आहे? खूण हवी ना?"

त्यानं आपल्या वखारीतली हळद आणून दिली. राहीबाईनं ती कालवली आणि मधल्या दारावर दोन्ही पंजे उमटवले. लहान हात होता तिचा. पिवळेधमक दोन पंजे, त्रिकोणाच्या बरोबर खाली. आदगोंडाला ते लांबून बघितल्यावर वाईटही दिसेनात.

त्याच महिन्यात लालासाहेब रजेवर आला होता. तो आणि राहीबाईचा नवरा मानसिंग एकाच पलटणीतले. तो परत निघाला तेव्हा राहीबाईनं त्याला निरोप पढवला. हळदीच्या हाताच्या दाराच्या डावीकडचं घर. तिनं त्याच्याकडून तो वदवूनसुद्धा घेतला.

"वैनी, एवढं लांबण कोन सांगतं," लालासाहेब म्हणाला. "हळदीच्या हाताचं दार. फुडं आल्यावर आपसूक कळतंय त्येला."

लढाई संपली. लालासाहेब परत आला, मानसिंग आला नाही. बर्मातल्या एका नदीवर रात्री दोन होड्या सुटल्या, आणि पलीकडच्या काठाला एकच लागली. सरकारनं त्याला बेपत्ता म्हटलं. लालासाहेब राहीबाईपुढं मान खाली घालून बसला.

"मेला असं मी म्हनत न्हाई, वैनी. पर मी त्येला परत बघितला न्हाई."

"निरोप दिला व्हता?"

"दिला व्हता. लय खूश झाला. बसता-उठता त्येच घोकायचा. हळदीच्या हाताचं दार, हळदीच्या हाताचं दार."

"आन् डावीकडचं घर?"

लालासाहेब नखानं जमीन कोरायला लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मधलं दार वाजायला लागलं.

पहिल्यांदा ते राहीबाईनं ऐकलं. तिची अंथरुणाची जागा त्या भिंतीला लागून होती. मग पलीकडं सुलाबाईनं ऐकलं. मग टोकाच्या घरातल्यांनीही ऐकलं. कुणीतरी दार ठोठावतं. दमानं, लाजत, शेजाऱ्यांची झोप मोडू नये अशा बेतानं. थोडा वेळ थांबतं. पुन्हा ठोठावतं. पहाटेपर्यंत.

राहीबाई आदगोंडाकडं गेली. "सायेब, त्येवढं दार उगडून द्या."

आदगोंडानं तिला समजावलं. मागं भिंत आहे. भिंतीवर ते त्रिकोणी कपाळ आहे, दोन्ही घरांची आढी तिच्यावर टेकली आहेत. तिथं दार पाडलं तर आळीचा मधला भाग खाली येईल. पावसानं लाकूड फुगलं आहे, म्हणून वाजतं.

"मग निदान त्ये हात तरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, कारण तोपर्यंत मंडळीत ते पुसायचं बोलणं सुरू झालं होतं. बड्या माणसांना आपल्या नावावर भुताची आळी नको होती. आदगोंडाचं स्वतःचंही मत झालं होतं की हे सगळं त्या हातांमुळं आहे. खूण दिसते म्हणून मनात येतं, आणि मनात येतं म्हणून ऐकू येतं. खूण गेली की सगळं जाईल.

तर असा तो अमावास्येच्या संध्याकाळी रंगाचा डबा घेऊन आळीत आला.

अंबूबाई तेव्हा गावाकडं गेली होती. धाकट्या मुलाच्या घरी पितरांची पानं वाढायची होती, आणि यंदा तिनं त्यात थोरल्याचंही नाव घ्यायचं ठरवलं होतं. राहीबाईनं त्याला नकार दिला होता. जित्या मान्साचं पान म्या वाढायची न्हाई, म्हणाली, आणि मागंच राहिली.

आदगोंडानं कुंचला बुडवला. राहीबाई आपल्या दारात उभी राहून बघत होती. तिनं त्याला अडवलं नाही. एक पंजा झाकला. दुसरा झाकला. हळद जुनी झाली होती, तरी हिरव्याखालून वर येत होती. त्यानं दोन-दोन हात दिले.

"झालं," तो म्हणाला.

"आता त्यांनी कुटं जायाचं?" राहीबाईनं विचारलं. रागानं नाही. वाट विचारावी तसं.

आदगोंडानं कुंचला पुसला आणि डब्याचं झाकण लावलं. आजची रात्र इथंच काढायची आणि उद्या सगळ्यांना तोंडावर सांगायचं, की बघा, काही वाजलं नाही, एवढं त्यानं ठरवलं. आळीसमोर रस्त्यापलीकडं बाभळीखाली उरलेल्या विटांचा ढीग होता. तिथं तो बॅटरी घेऊन बसला.

जेवणं झाली. दारं लागली. चिमण्या विझल्या. काळोखात ती सबंध रांग एकाच भिंतीसारखी दिसायला लागली. एकाच दारात उजेड होता. राहीबाईनं आपलं दार सताड उघडं टाकलं होतं, आणि उंबऱ्यावर तेलाचा दिवा ठेवून ती त्याच्यामागं बसली होती.

मध्यरात्र उलटली. रातकिडे ओरडत होते. मग ते थांबले.

खडीवर पाऊल वाजलं.

बुटाचं पाऊल. टाचेला लोखंडी नाल असलेलं. चाल थकलेली. एक पाय टेकतो... दुसरा ओढत येतो... पुन्हा टेकतो.

आदगोंडानं बॅटरी दाबली. रस्ता मोकळा होता. उजेड रस्त्यावर पडला होता आणि पाऊल त्या उजेडातच वाजत होतं.

त्यानं बॅटरी विझवली. मालवली की निदान दिसत नाही, याचा त्याला आधार वाटला.

पाऊल आळीच्या डाव्या टोकाशी गेलं. थांबलं.

टक टक.

पहिलं घर. आतून कुणी हललं नाही. अमावास्येच्या रात्री कोण उघडणार?

पाऊल पुढं सरकलं. थांबलं. पलटणीत बरोबर किती पावलांवर वळायचं हे शिकवतात ना, तसं ते वळलं.

टक टक.

दुसरं घर. एक पोर रडायला लागलं आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर हात दाबला. रडणं मधेच तुटलं.

आदगोंडाला तेव्हा समजलं. खूण गेली होती. आता तो प्रत्येक दार बघत येत होता. सगळी सारखी. सगळी हिरवी. सगळी बंद.

तिसरं.

चौथं.

मग पाऊल दिव्याच्या उजेडात आलं. म्हणजे तिथं आलं. उजेडात काही नव्हतं. पण वारा नसताना दिव्याची ज्योत आत वाकली... आणि तशीच वाकून राहिली.

राहीबाई उठून उभी राहिली.

तिचे ओठ हलताना आदगोंडाला रस्त्यापलीकडून दिसले. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. आपल्याकडं घेत नाहीत. ती म्हणाली,

"आवं..."

त्या आळीतल्या दहाही बायका दहाही नवऱ्यांना हीच हाक मारत होत्या.

पाऊल उभं राहिलं होतं. ज्योत वाकलेली होती. उघडं दार, दिवा, बाई. पण दारावर हात नव्हते. आणि लाजरा माणूस... परक्याच्या दारात, परक्या बाईसमोर, रात्री...

आदगोंडाला नाव माहीत होतं. त्याच्या जिभेवर होतं. मानसिंगराव, हेच घर. एवढंच वाक्य. तो पुढं मला म्हणाला, "मास्तर, घसा कोरडा पडला होता म्हणून नव्हे. बोललो असतो तर मी मानलं असतं की तिथं कुणी आहे. मी इंजिनीअर होतो. मी गप्प बसलो."

ज्योत सरळ झाली.

पाऊल पुढं गेलं. मधल्या दाराशी.

थांबलं.

टक टक झालं नाही. काहीच झालं नाही. मग एक ओला आवाज आला. अगदी बारीक. ओल्या रंगावर तळवा टेकल्यासारखा. चाचपल्यासारखा... रंगाखालचं काहीतरी बोटांनी शोधल्यासारखा...

आणि मग खडीवर काही वाजलं नाही. ना पुढं, ना मागं.

"मानसिंग!"

राहीबाई अंगणात आली होती. "मानसिंग... मानसिंग... अरं, इकडं... ह्ये घर..." लग्नानंतर कधी न घेतलेलं नाव ती रस्त्यावर उभी राहून घेत होती. रस्ता मोकळा होता.

उत्तर आलं. एकदाच.

टक.

पण बाहेरून नव्हे.

सकाळी सगळी आळी मधल्या दारापुढं जमली. रंगावर, जिथं हळदीचे हात होते तिथं, बोटं फिरल्यासारखं पुसटलेलं होतं. राहीबाई दारापुढून हलेना. शेवटी आदगोंडानंच सुताराला बोलावलं आणि दार काढायला सांगितलं. लालासाहेबानं मोळे उपटायला हात लावला. बसवल्यापासून त्या फळ्या कुणी हलवल्या नव्हत्या. त्यांच्यात आणि विटांत करंगळी शिरेल एवढीसुद्धा फट नव्हती.

फळ्या निघाल्या. मागं भिंत होती. जशी बांधली तशी, एक वीट हललेली नाही.

आणि विटांवर, पुरुषाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, एक पंजा उमटलेला होता. हिरव्या रंगाचा. अजून ओला. मोठा, पुरुषी, बोटं फाकलेली.

राहीबाईनं त्याच्यावर आपला हात ठेवला. तिचा हात त्यात पुरता मावला. मग तिनं विटेला कान लावला.

"भिंत फोडा," ती म्हणाली.

आदगोंडा मंडळीकडं गेला. या खेपेला तो तिच्या बाजूनं भांडला. त्यांनी त्याच्याच हातचा नकाशा त्याच्यापुढं पसरला आणि विचारलं, ही भिंत काढली तर काय होईल ते सांगा. त्यानं सांगितलं. कपाळ खाली येईल. दोन्ही बाजूंची आढी जातील. मग कंगणी ओढली जाईल, कारण ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आहे. एक घर दुसऱ्याच्या आधारानं उभं राहावं, असंच त्यानं ते बांधलं होतं. दहा बिऱ्हाडं उघड्यावर पडतील. त्यानं काहीही खोटं सांगितलं नाही, आणि म्हणूनच त्याला पुढं काही बोलता आलं नाही.

फळ्या पुन्हा बसवल्या. मोळे पुन्हा ठोकले. संध्याकाळी अंबूबाई गावाहून आली, चाचपत चाचपत पहिल्याच खेपेला बरोबर घरात शिरली, आणि मधल्या भिंतीला पाठ लावून बसली. त्या दिवसापासून तिचं घर कधी चुकलं नाही.

आदगोंडानं नंतर घर म्हणून बांधलं नाही. कोरेगावच्या बाजूला पुलांच्या कामावर असतो. पुलाला दार नसतं, असं तो मला म्हणाला होता.

मास्तर थांबले.

गाडी आळीसमोर आली होती. पोरांनी मान वर करून बघितलं. चांदण्यात ती रांग उभी होती, वर त्रिकोण, खाली काचेच्या अर्ध्या चकत्या. नियम कधीच मोडला होता. प्रत्येक दारापुढं तुळस होती, कुणी दाराला निळा रंग दिला होता, कुणी नाव घातलं होतं, लालासाहेबाच्या दारावर शेंदरी गणपती होता. आंधळ्यालाही आपलं घर सापडलं असतं. मधलं दार तेवढं हिरवं होतं. त्याच्या डावीकडचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर दिवा जळत होता.

बैलांचे खूर मातीवर मऊ वाजत होते. आळी मागं पडली. पूल ओलांडल्यावर ज्ञानूनं गाडी थांबवली, पेंढ्याखालनं घुंगरमाळा काढल्या आणि बैलांच्या गळ्यात बांधायला लागला.

"म्हणजे तुलाही भीती वाटते म्हण की," जवाहर हळूच म्हणाला.

"भ्या कशाचं?" ज्ञानूनं गाठ आवळली. "घुंगरं वाजली की त्येला वाटतं, कुनीतरी उगडाया आलंय. उगा आस कशाला लावायची मान्साला."